मोठा सर्व्हर नंतर घ्या, आधी क्वेरी नीट चालवा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

लिलावाच्या दिवशी बाजारभावाचं अ‍ॅप बंद पडलं, प्रवेशाच्या शेवटच्या दिवशी संकेतस्थळ उघडेना, दाखल्याचा अर्ज अर्ध्यावर अडकला, अशा बातम्या वर्तमानपत्रांत वरचेवर येतात. शेवटी संबंधितांचा खुलासाही ठरलेला असतो: एकाच वेळी खूप लोक आले, सर्व्हरवर ताण आला, क्षमता वाढवण्याचं काम सुरू आहे. तो वाचून मी दरवेळी अस्वस्थ होते. गेली अनेक वर्षं माझं काम डेटाबेसचंच आहे. अंबडमधल्या एका छोट्या कंपनीत आम्ही शेतकरी उत्पादक कंपन्यांसाठी आवक, लिलाव आणि हिशेबपट्टीची माहिती गोळा करून, तपासून पुढे देणारी एपीआय सांभाळतो. माझ्यासमोर दुरुस्तीला आलेल्या बहुतेक प्रकरणांत सर्व्हर लहान नव्हताच. एपीआय डेटाबेसला एसक्यूएल विधानं (त्याच्या भाषेतल्या आज्ञा; माहिती विचारणारी आज्ञा म्हणजे क्वेरी) ज्या पद्धतीने चालवायला देत होती, ती पद्धतच सदोष होती. याबद्दल सविस्तर लिहायचं आहे, कारण पुढच्या काळात नाशिकमध्ये अशा बऱ्याच यंत्रणा उभ्या राहणार आहेत आणि पैसा आपला सगळ्यांचा लागणार आहे.

मोबाइलमधलं अ‍ॅप आणि माहितीचा साठा यांच्या मधे जो प्रोग्राम बसलेला असतो, त्याला आम्ही एपीआय म्हणतो. अ‍ॅप एपीआयकडे मागणी करतं, ती डेटाबेसला एसक्यूएलमध्ये विचारते आणि उत्तर परत आणून देते. एडगर कॉड यांनी १९७० साली माहिती टेबलांच्या रूपात ठेवण्याची कल्पना मांडली, १९७४ मध्ये आयबीएममधल्या चेंबरलिन आणि बॉइस यांनी त्यासाठी एक भाषा मांडली, तीच पुढे एसक्यूएल झाली. पन्नास वर्षांत डेटाबेस इंजिनं फार पक्की झाली आहेत. पोस्टग्रेससारखं इंजिन विनामूल्य मिळतं आणि जिल्ह्यातल्या सगळ्या बाजार समित्यांची रोजची आवक ते सहज पेलेल. घोळ होतो तो एपीआय त्याच्याशी बोलते त्या जागी.

एका सेवेचं उदाहरण देते. नाव घेत नाही, कारण तसाच कोड मी इतरत्रही पाहिला आहे. उन्हाळ कांद्याच्या हंगामात सकाळच्या लिलावानंतर दिवसाच्या नोंदी एका फाइलमध्ये यायच्या: गाडी क्रमांक, भुईकाट्यावरचं भरलेलं वजन, रिकामं वजन, शेतकऱ्याचं नाव, गाव, व्यापारी, क्विंटलचा भाव. एपीआय एकेक ओळ उचलायची. दर ओळीला डेटाबेसशी नवं कनेक्शन, एक इन्सर्ट (नोंद घालण्याची आज्ञा), लगेच कमिट (नोंद कायम करण्याची आज्ञा), कनेक्शन बंद. मग पुढची ओळ. समजा फाइलमध्ये ५,००० ओळी आहेत आणि डेटा सेंटरपर्यंत जाऊन यायला एका फेरीला १० मिलिसेकंद लागतात. नुसत्या येण्याजाण्यात ५० सेकंद गेले, तेही ओळीमागे एकच फेरी धरून. प्रत्यक्षात कनेक्शन उघडताना ओळख पटवण्याच्या आणखी फेऱ्या होतात, पोस्टग्रेस दर कनेक्शनसाठी वेगळी प्रोसेस उभी करतो, आणि दर कमिटला लॉग (बदलांची नोंदवही) डिस्कवर पक्का लिहिला जाईपर्यंत थांबतो. एवढ्या वेळात प्रोसेसर जवळपास रिकामाच असतो. तिथे दुप्पट ताकदीचा सर्व्हर आणून बसवला तर तोही रिकामाच बसणार.

यावरचे उपाय जुने आहेत. कनेक्शनं आधीच उघडून पूलमध्ये ठेवायची आणि तीच पुन्हा पुन्हा वापरायची. ओळी पाचशे-पाचशेच्या गठ्ठ्याने पाठवायच्या; पोस्टग्रेस असेल तर ‘कॉपी’ ही आज्ञा त्याहून वेगवान आहे. मात्र थेट मुख्य टेबलात काही घालायचं नाही. आधी एका कच्च्या टेबलात सगळं जसंच्या तसं उतरवायचं आणि तिथे एसक्यूएलनेच तपासायचं: रिकामं वजन भरलेल्या वजनापेक्षा जास्त तर नाही ना, भाव शून्य नाही ना, गावाचा कोड यादीत आहे ना. उत्तीर्ण झालेल्या ओळी एकाच विधानाने मुख्य टेबलात जातात, उरलेल्या कारणासह बाजार समितीच्या कारकुनाकडे परत. कच्च्या टेबलाबद्दल मी इतकी आग्रही का, तर गठ्ठ्याने पाठवायला लागलं की एका चुकीच्या ओळीपायी सगळा गठ्ठा परत येतो, आणि मग वैतागलेला प्रोग्रामर तपासण्याच काढून टाकतो. हे होताना मी पाहिलं आहे. वेग मिळतो, पण त्या दिवसापासून टेबलात काय आहे यावर कुणी विश्वास ठेवू शकत नाही.

वेगापेक्षा गंभीर गोष्ट अर्धवट राहिलेल्या कामाची. गाडीचा लिलाव झाला की निदान दोन नोंदी व्हायला हव्यात: माल विकला गेला ही एक, आणि अमुक व्यापाऱ्याकडून अमुक शेतकऱ्याचं इतकं येणं आहे ही दुसरी. पहिलं विधान चाललं आणि दुसऱ्याआधी कनेक्शन तुटलं, तर माल विकलेला दिसतो आणि येणं कुठेच दिसत नाही. दोन्ही विधानं एकाच ट्रान्झॅक्शनमध्ये, म्हणजे सगळं होईल नाहीतर काहीच होणार नाही अशा एका गाठोड्यात घातली तर डेटाबेस स्वतःच पहिली नोंदही मागे घेतो. दोनच शब्दांचं काम आहे, बिगिन आणि कमिट, तरी ते सुटतं.

उलट बाजूचा घोळही तितकाच नेहमीचा. सुरगाणा, पेठकडे गेलं की मोबाइलची रेंज मधेच जाते. नोंद झालेली असते, पण ‘झाली’ हा निरोप फोनपर्यंत पोहोचत नाही, म्हणून अ‍ॅप तीच मागणी पुन्हा पाठवतं. एपीआयने पुन्हा इन्सर्ट केलं की एकाच ट्रॅक्टरच्या दोन पट्ट्या. म्हणून फोनने प्रत्येक मागणीला स्वतःचा एक क्रमांक द्यावा, टेबलात त्या क्रमांकावर ‘युनिक’ (तोच क्रमांक दोनदा येऊ न देणारं) बंधन असावं, आणि तोच क्रमांक पुन्हा आला तर एपीआयने नवी नोंद न करता आधीचंच उत्तर द्यावं. पोस्टग्रेसमध्ये यासाठीची ‘ऑन कॉन्फ्लिक्ट’ ही सोय २०१६ पासून आहे. पण बरेच जण आधी सिलेक्ट करून ‘नोंद आहे का’ विचारतात आणि नसेल तर इन्सर्ट करतात. त्या दोन विधानांमधल्या क्षणात दुसरी मागणी घुसली की दोघींनाही ‘नाही’ असंच उत्तर मिळतं आणि दोघीही नोंद करतात. ऑफिसात एकट्याने चाचणी घेताना हे कधीच दिसत नाही. लिलाव ऐन भरात असताना दिसतं.

आता नावांबद्दल. नाशिकरोड-देवळालीकडे डिसोझा, डिकुन्हा अशी आडनावं सहज भेटतात. इंग्रजीत ती लिहिताना ‘डी’नंतर एकेरी अवतरण येतं. एसक्यूएलमध्ये मजकूर कुठे सुरू झाला आणि कुठे संपला, हे नेमकं त्याच खुणेवरून ठरतं. एपीआयने नाव उचलून विधानात नुसतं चिकटवलं असेल, तर ‘डी’पाशीच नाव संपलं असं डेटाबेस धरतो आणि उरलेला ‘सोझा’ आज्ञेचा भाग समजून वाचू लागतो. अर्ज नाकारला जातो, पडद्यावर काहीतरी अगम्य इंग्रजी येतं. एका ठिकाणी यावर तोडगा म्हणून ती खूणच नावातून काढून टाकलेली मी पाहिली. मग ते नाव बँकेतल्या नावाशी जुळेना आणि त्या बाईंचे पैसे अडकले. त्या खिडक्या-खिडक्यांवर फिरल्या, आणि प्रत्येक ठिकाणी त्यांना ‘नाव तुम्हीच चुकीचं भरलंय’ असं ऐकवलं गेलं. त्यांनी नाव बरोबर भरलं होतं. चूक एका ओळीच्या कोडची होती आणि ती दुरुस्त करणाऱ्यापर्यंत त्यांची तक्रार पोहोचण्याची वाटच नव्हती.

ज्या फटीत त्यांचा अर्ज अडकला, तिथूनच चोरही आत येतो. नावाच्या रकान्यात जाणूनबुजून एसक्यूएल लिहून पाठवणं म्हणजे एसक्यूएल इंजेक्शन. १९९८ मध्ये ‘फ्रॅक’ या नियतकालिकात त्याचं वर्णन छापून आलं. गंमत नव्हे, खेद याचा वाटतो की त्यावरचा उपाय त्याआधीच हाताशी होता. जावा या प्रोग्रामिंग भाषेतून डेटाबेसशी बोलण्याच्या जेडीबीसी या सोयीत १९९७ पासून प्रिपेअर्ड स्टेटमेंट आहे; ते म्हणजे काय ते पुढे सांगते. तरीही २०१५ मध्ये ब्रिटनच्या टॉकटॉक या दूरसंचार कंपनीतून दीड लाखाहून अधिक ग्राहकांची माहिती याच मार्गाने गेली आणि तिथल्या माहिती आयुक्तांनी ४ लाख पौंडांचा दंड केला. २०२३ मध्ये मूव्हइट या फाइल पाठवण्याच्या सॉफ्टवेअरमध्ये हाच दोष निघाला आणि जगभरच्या संस्थांचा डेटा चोरीला गेला.

प्रिपेअर्ड स्टेटमेंट म्हणजे छापील काटापट्टी समजा. मजकूर आधीच छापलेला, मोकळ्या जागेत फक्त वजन आणि नाव भरायचं; मोकळ्या जागेत कुणी काहीही लिहिलं तरी छापलेला मजकूर बदलत नाही. विधान आधी जातं, मूल्यं वेगळी जातात, आणि अवतरणचिन्ह हे नावातलं एक अक्षर म्हणूनच राहतं. शिवाय तेच विधान पुन्हा पुन्हा चालवायचं असेल तर दरवेळी ते नव्याने वाचण्याचा खर्च वाचतो. योजनेच्या, म्हणजे डेटाबेस माहिती कोणत्या वाटेने शोधणार याच्या बाबतीत मात्र डोळे उघडे ठेवावे लागतात. पोस्टग्रेस पहिल्या पाच वेळा भरलेली मूल्यं पाहून योजना आखतो, नंतर सर्वांना चालेल अशी एक सर्वसाधारण योजना परवडते का ते पाहतो. एका गावाच्या लाखो ओळी आणि दुसऱ्याच्या दहा-बारा, अशी विषम माहिती असेल तर ही सर्वसाधारण योजना कधी कधी अडखळते. क्वेरी प्रत्यक्षात कशी चालली ते दाखवणारी ‘एक्सप्लेन अ‍ॅनालाइझ’ ही आज्ञा लावून बघावं लागतं. आणखी एक: टेबलाचं किंवा रकान्याचं नाव असं मोकळ्या जागेत भरता येत नाही. ‘आम्ही प्रिपेअर्डच वापरतो’ असं छातीठोक सांगणाऱ्यांच्या कोडमध्येही क्रम लावणाऱ्या ‘ऑर्डर बाय’च्या पुढे वापरकर्त्याकडून आलेला शब्द थेट चिकटवलेला सापडतो. तिथे परवानगी असलेल्या रकान्यांची यादी ठेवून तिच्याशी ताडून बघण्याशिवाय दुसरा मार्ग नाही.

‘खूप लोक आले’ या खुलाशाचं मूळ कुठे असतं तेही सांगते. एक माणूस फोनवर गेल्या पाच वर्षांचे सगळे भाव मागतो. एपीआय कसलीही मर्यादा न घालता सिलेक्ट पाठवते. उत्तर येईना म्हणून तो अ‍ॅप बंद करतो, पुन्हा उघडतो, पुन्हा मागतो. त्याने सोडून दिलेली पहिली क्वेरी डेटाबेसमध्ये चालूच असते. पोस्टग्रेस नव्याने बसवला तर विधानाला वेळेची मर्यादा शून्य असते, म्हणजे मर्यादाच नसते. कनेक्शनची मर्यादा मात्र १०० असते. सोडून दिलेल्या क्वेरींनी ती शंभर भरली की ज्याला फक्त आजचा भाव हवाय तोही दाराबाहेर राहतो. आलेले लोक शंभरसुद्धा नसतील, पण पडद्यावर ‘सर्व्हर डाऊन’ दिसतं. साध्या भावाच्या मागणीला दोन-तीन सेकंदांची मर्यादा घाला, ग्राहक निघून गेला की त्याची क्वेरी रद्द करा, पाच वर्षांचा अहवाल रात्री तयार करून वेगळ्या टेबलात ठेवा. पानं उलटताना ‘ऑफसेट’ (इतक्या ओळी सोडून पुढच्या दे) वापरू नका. हजाराव्या पानासाठी डेटाबेसला आधीच्या सगळ्या ओळी वाचून टाकून द्याव्या लागतात. शेवटच्या ओळीची तारीख आणि क्रमांक देऊन ‘याच्या पुढचं दे’ म्हणा.

आता मी ज्या कारणासाठी हे पत्र लिहायला बसले त्याकडे येते. २०२७ चा नाशिक-त्र्यंबकेश्वरचा सिंहस्थ जवळ येतोय. पर्वणीच्या गर्दीत माणसं चुकतात, हरवतात, आणि त्यांच्या नोंदी आता कागदावर नव्हे, अशाच कुठल्यातरी एपीआयमधून होतील. समजा रामकुंडाजवळच्या केंद्रावर एका म्हाताऱ्या आजोबांची नोंद झाली, आडनाव कुऱ्हाडे. त्यांची मुलगी नाशिकरोड स्टेशनवरच्या केंद्रावर येऊन तेच आडनाव सांगते. तिथला कर्मचारी ते बरोबर टाइप करतो. पडद्यावर उत्तर: नोंद सापडली नाही.

हे अगदी शक्य आहे. आपलं ‘ऱ’ हे अक्षर युनिकोडमध्ये, म्हणजे संगणकातल्या अक्षरांच्या जागतिक क्रमांकयादीत, एकाच चिन्हाने लिहिता येतं, ‘र’ आणि नुक्ता (अक्षराखालचं टिंब) अशा दोन चिन्हांनीही लिहिता येतं, आणि ‘ऱ्ह’सारख्या जोडाक्षरात काही कीबोर्ड र, हलन्त आणि एक अदृश्य जोडचिन्ह वापरतात. पडद्यावर तिन्ही आडनावं सारखी दिसतात. बरोबरीच्या चिन्हाने तुलना करणाऱ्या क्वेरीला ती तीन वेगळी आडनावं असतात. पहिले दोन प्रकार युनिकोड नॉर्मलायझेशनने एक करता येतात. पोस्टग्रेसमध्ये १३ व्या आवृत्तीपासून तसं फंक्शनच आहे. तिसऱ्यासाठी नियम आपल्यालाच लिहावा लागतो. आणि हे दोन्हीकडे करावं लागतं, नोंद साठवताना आणि शोधताना मूल्य विधानात भरण्याआधी. एकीकडे करून दुसरीकडे विसरलं तर परिस्थिती आणखी बिघडते. मराठीत रोज न लिहिणाऱ्या, परराज्यात बसलेल्या टीमला हे सुचणार नाही, आणि त्यात त्यांचा दोषही नाही. निविदेत लिहिलेलं असेल तर ते करतील. लिहायचं आपण आहे.

हल्ली साध्या मराठीत प्रश्न विचारला की त्यावरून एसक्यूएल स्वतः तयार करून चालवणाऱ्या एआयच्या सोयीही विकायला येत आहेत. माझा विरोध नाही. पण असं तयार झालेलं विधान फक्त वाचण्याचा अधिकार असलेल्या वेगळ्या लॉगिनने, मोजक्याच टेबलांवर आणि वेळेच्या मर्यादेतच चाललं पाहिजे. आज अनेक ठिकाणी एपीआयचं एकच लॉगिन असतं आणि त्याला टेबल पुसून टाकण्याचाही अधिकार असतो. बाजारभाव दाखवणाऱ्या पानाला तो कशाला हवा?

वैयक्तिक डेटा संरक्षणाचा कायदा २०२३ मध्ये झाला आणि सुरक्षिततेची वाजवी काळजी न घेतल्यास २५० कोटी रुपयांपर्यंत दंडाची तरतूद त्यात आहे. सायबर घटना सहा तासांत कळवावी, असे सर्ट-इन या केंद्र सरकारच्या सायबर सुरक्षा संस्थेचे निर्देश २०२२ पासून आहेत. दंडाची भीती घालून कोड सुधारत नाही, काम ताब्यात घेताना तपासलं तर सुधारतो. आपल्याकडच्या निविदांत सर्व्हरची मेमरी किती, प्रोसेसर किती, हे पानंच्या पानं असतं. विधानं कशी चालवली जातील यावर एक ओळ नसते. माझी महापालिका, जिल्हा प्रशासन आणि बाजार समित्यांना विनंती आहे की ती ओळ घाला. अभियांत्रिकी महाविद्यालयांतल्या प्राध्यापकांनाही विनंती आहे. मुलं आमच्याकडे मुलाखतीला येतात तेव्हा नॉर्मल फॉर्म तोंडपाठ असतात, जॉइन येतात, पण पूल म्हणजे काय आणि ट्रान्झॅक्शन कुठे उघडून कुठे बंद करायचं, हे त्यांनी कधी हाताने केलेलं नसतं. एका सत्रातली चार-पाच प्रात्यक्षिकं यावर दिली तरी मोठा फरक पडेल.

आणि ताब्यात घेताना तपासायला संगणकतज्ज्ञ लागत नाही. समितीतल्या कुणीही कंत्राटदारासमोर बसून नावाच्या रकान्यात एकेरी अवतरण असलेलं आडनाव भरावं आणि ते जसंच्या तसं परत दिसतं का बघावं. ‘कुऱ्हाडे’ एका फोनवरून नोंदवावं आणि दुसऱ्या कंपनीच्या फोनवर, दुसऱ्या कीबोर्डने शोधावं. नोंद पाठवण्याचं बटण दाबल्याबरोबर वायफाय बंद करावं, पुन्हा सुरू करून पुन्हा दाबावं आणि नोंदी मोजाव्यात. सगळ्यात मोठा अहवाल मागून अ‍ॅप मधेच बंद करावं, मग ‘डेटाबेसमध्ये आत्ता काय चालू आहे ते दाखवा’ असं सांगावं; सोडलेली क्वेरी तिथे अजून चालताना दिसली तर सही करू नये. अर्ध्या तासाचं काम आहे. शेवटचं बिल त्यानंतरच काढावं.

आपल्या वार्ताहरांना यातली कुठलीही चाचणी प्रत्यक्ष करून पाहायची असेल, तर मी दाखवायला तयार आहे.

कळावे, लोभ असावा.

आपली,
एक वाचक, इंदिरानगर, नाशिक